कारखाना, निवडणुकीचा पैसा आणि उसाचा कायदा: सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळवा, कराड, कडेगाव, कोरेगाव, पलूस इकडून सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. काही प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतात. त्यांचं उत्तर एकाच ठिकाणी दिलंय आणि बाकीच्या ठिकाणी त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. शेतीच्या धंद्यातली कंपनी राजकीय पक्षाला पैसे देऊ शकते का? हे कायदेशीर आहे?

हो, पण अटी आहेत. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली आणि १९८५ मध्ये ती उठली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १८२ नुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंत देणगी देता येते. त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव लागतो. सरकारी कंपनीला देणगी देता येत नाही, आणि तीन वर्षं पूर्ण न झालेल्या कंपनीलाही नाही. २०१७ मध्ये ही ७.५ टक्क्यांची मर्यादा काढून टाकली होती, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निवडणूक रोखे योजनेबरोबर ही दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली.

खासगी साखर कारखाना, बियाणं कंपनी, खत कंपनी, द्राक्षाची निर्यात करणारी कंपनी या सगळ्यांना हा नियम लागू आहे.

२. आमचा कारखाना सहकारी आहे. तो पक्षाला देणगी देऊ शकतो का?

सहकारी कारखाना कंपनी कायद्याखाली येत नाही, त्यामुळे वरचं ७.५ टक्क्यांचं गणित त्याला लागूच नाही. कारखाना बहुराज्य असेल, म्हणजे सभासद दोन राज्यांतले असतील, तर बहुराज्य सहकारी संस्था कायदा स्पष्ट मनाई करतो: राजकीय पक्षाचं हित साधणाऱ्या संस्थेला रोख किंवा वस्तुरूपात, सरळ किंवा आडमार्गाने काहीही द्यायचं नाही. राज्यापुरता कारखाना असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. त्यात नफ्याची वाटणी कशी करायची ते ठरलेलं आहे. सहकाराच्या, धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी नफ्यातला मर्यादित हिस्सा काढता येतो. पक्षाचा प्रचार या अर्थाने सार्वजनिक काम होऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. तो पैसा सभासदांच्या उसातून आलेला असतो, आणि सभासद सगळ्या पक्षांचे असतात.

३. मग देणगीदारांच्या याद्यांत आमच्या भागातल्या कारखान्यांची नावं का सापडत नाहीत? इथं पैसा चालत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे.

कंपनीला देणगी द्यावी लागते, कारण ती पक्षाच्या बाहेर असते. आपल्याकडे कारखाना आणि नेता बहुतेक वेळा एकाच घरातले असतात. साखराळे, वांगी, मरळी, शेंद्रे, यशवंतनगर, रेठरे बुद्रुक या गावांची नावं घेतली की कारखान्याआधी आमदार, खासदार, मंत्री डोळ्यांसमोर येतात. जो माणूस चेअरमन आहे किंवा ज्याचा मुलगा, भाऊ, पुतण्या चेअरमन आहे, तो स्वतःलाच चेक कशाला लिहील? त्याला लागणारं सगळं कारखान्याच्या आवारात तयारच असतं: जीपगाड्या, डिझेल, गावोगावची गट ऑफिसं, प्रत्येक वस्तीवर ओळख असलेले चिटबॉय (कारखान्याचे गावोगाव फिरणारे कर्मचारी) आणि कुणाचा ऊस कधी लागला याची घरनिहाय यादी.

२०२४ च्या विधानसभेआधी मी आमच्याकडच्या एका गट ऑफिसात लागणीची नोंद करायला गेलो होतो. टेबलावर एका बाजूला ऊसनोंदीचं रजिस्टर उघडं होतं, दुसऱ्या बाजूला मतदारयादीची पानं. तिथला पोरगा एकाच पेनाने दोन्हीवर खुणा करत होता. माझं नाव आधी यादीत शोधलं, मग रजिस्टरमध्ये. पगार कारखान्याचा, वेळ कामाची, काम प्रचाराचं. या व्यवहाराची पावती कुठंच फाटत नाही, त्यामुळे निवडणूक आयोगाकडच्या कुठल्याही देणगी यादीत तो दिसणार नाही.

म्हणून मी सांगतो, शोध देणगीच्या यादीत घेऊ नका. कारखान्याचा वार्षिक अहवाल घ्या (प्रश्न १३) आणि सरकारचे निर्णय वाचा (प्रश्न ७ आणि ८).

४. असा वापर उमेदवाराच्या खर्चात धरला जातो का?

धरला जायला हवा. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख आहे. फुकट मिळालेली गाडी, मंडप, माणसं यांचीही बाजारभावाने किंमत लावून ती खर्चात दाखवायची असते. आयोगाचे निरीक्षक स्वतंत्र छाया नोंदवही ठेवतात आणि उमेदवाराच्या हिशोबाशी ती ताडून पाहतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

मोठी पळवाट अशी की मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर कितीही खर्च केला तरी तो कायद्यात बसतो, आणि स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात येत नाही.

दाखल झालेला हिशोब कुणीही जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाऊन पाहू शकतो, किरकोळ शुल्क भरून प्रतही मिळते. आपल्या तालुक्यातल्या उमेदवाराने किती गाड्या दाखवल्यात एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

५. किती रकमेपर्यंतची देणगी गुप्त राहते?

पक्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव आयोगाला कळवावं लागतं. रोखीची मर्यादा २,००० रुपये. खालच्या रकमांचे देणगीदार जाहीर होत नाहीत, आणि तशा कितीही पावत्या फाडता येतात.

६. निवडणूक रोखे आणि इलेक्टोरल ट्रस्ट यांत फरक काय?

रोखे २०१८ पासून स्टेट बँकेतून मिळत होते, १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंतचे. कुणी कुणाला दिले हे लोकांना कळत नव्हतं. योजना रद्द झाल्यावर मार्च २०२४ मध्ये खरेदीदार आणि पक्ष यांची माहिती उघड झाली, नंतर क्रमांकही आले, त्यामुळे जोड्या लावता आल्या. ट्रस्ट, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्था, अजून चालू आहेत. त्यांना वर्षात आलेल्या रकमेपैकी ९५ टक्के पक्षांना वाटावी लागते आणि अहवाल आयोगाला द्यावा लागतो.

७. पैशामुळे किंवा कारखानदारीमुळे कायदा बदलला याचं एखादं नेमकं उदाहरण आहे का? नुसते आरोप नकोत.

एफआरपीचे, म्हणजे केंद्राने ठरवून दिलेल्या उसाच्या किमान दराचे, दोन तुकडे. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांना त्याची झळ थेट बसली.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ हा केंद्राचा आदेश आहे, जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा. तो सांगतो: ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. २१ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारने शासन निर्णय काढून एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला परवानगी दिली. पहिल्या हप्त्यासाठी पुणे महसूल विभागात, म्हणजे सातारा-सांगलीतही, १० टक्के उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) धरायचा. उरलेले पैसे हंगाम संपून खरा उतारा ठरल्यावर.

आता हिशोब मांडू. २०२२-२३ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३०५ रुपये होती आणि उताऱ्यातल्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.०५ रुपये जास्त. कृष्णाकाठच्या उसाला १२ टक्के उतारा धरला तर १० आणि १२ मधला फरक क्विंटलला ६१ रुपये, टनाला ६१०. ज्याने १०० टन ऊस घातला त्याचे ६१,००० रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडे बिनव्याजी अडकले. सोसायटीचं पीककर्ज मात्र ३१ मार्चची वाट बघत असतं. जमीन जेवढी चांगली आणि उतारा जेवढा जास्त, तेवढी जास्त रक्कम अडकणार. म्हणजे राज्यात सगळ्यात चांगला ऊस पिकवणाऱ्यांनाच सगळ्यात जास्त वाट बघायला लागली.

राजू शेट्टी याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला.

आता पुराव्याचं. या निर्णयासाठी कुणी कुणाला देणगी दिली, असं मी म्हणत नाही. म्हणायची गरजही नाही. निर्णय घेणाऱ्या सभागृहात आणि मंत्रिमंडळात कारखाने चालवणारे सगळ्या पक्षांत बसलेले आहेत, आणि या निर्णयाचा फायदा कारखान्याला होता. विधानसभेत यावर कायदा झाला नाही, मतदान झालं नाही. दोन-तीन पानांचा शासन निर्णय निघाला आणि तीन वर्षं चालला. आपल्याकडे शेतीचा नियम बदलतो तो बहुतेक असा.

८. आमचा ऊस शेजारचा कारखाना जास्त दराने घ्यायला तयार आहे, पण गावाजवळ नवीन कारखाना का निघत नाही?

हवाई अंतराच्या अटीमुळे. केंद्राच्या आदेशात दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतर हवं. राज्याला ते वाढवायची मुभा आहे, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते २५ किलोमीटर केलं. कारखान्यांची बाजू अशी की ऊस पुरला नाही तर सगळेच बुडतील, आणि दुष्काळी वर्षात हे खरंही ठरतं. पण स्पर्धा कमी झाली की दराची घासाघीस करायची शेतकऱ्याची ताकद जाते. आहे तो कारखाना सुरक्षित राहतो, त्याबरोबर त्याच्या चेअरमनचं राजकारणही. शेतकरी संघटनांची ही अट काढण्याची मागणी जुनी आहे.

आपला ऊस मात्र कुणालाही घालता येतो. ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, म्हणजे झोनबंदी, आता नाही.

९. कारखान्यांच्या बाजूने झालेला प्रत्येक निर्णय शेतकऱ्याच्या मुळावर येतो का?

नाही. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचं उदाहरण घ्या. सहकारी कारखाने किमान दरापेक्षा जास्त ऊसदर देत, तो आयकर खातं नफ्याची वाटणी समजून त्यावर कर लावत होतं. २०१६-१७ आधीची ही रक्कम खर्च म्हणून दाखवायची सोय झाली आणि सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळाला. त्यासाठी कारखानदार नेत्यांनी वर्षानुवर्षं दिल्लीत पाठपुरावा केला होता. जास्त दर दिला म्हणून शिक्षा व्हायची, ती थांबली. हे शेतकऱ्याच्या हिताचंच होतं.

आणि साखर लॉबी नेहमी जिंकते हेही खरं नाही. ७ डिसेंबर २०२३ ला, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली. आठवड्याभरात थोडी सूट दिली, आणि बंधनं पूर्ण उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. कर्ज काढून डिस्टिलरी उभारणारे कारखाने बघत राहिले. शहरातल्या साखर खाणाऱ्याचं मत तेव्हा जड ठरलं. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला, नंतर एफआरपी वाढत गेली आणि हा दर वर्षानुवर्षं तिथेच ठेवला गेला, त्यामागेही हेच कारण आहे.

१०. सगळं उसाबद्दलच का? बियाणं, औषधं, बाजार समिती यांत काय होतं?

तिथं दबाव वेगळ्या पद्धतीने येतो. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात बोगस बियाणं, खतं आणि कीटकनाशकांविरुद्ध कडक शिक्षेची विधेयकं आली. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला राज्यभर तीन दिवस दुकानं बंद ठेवली. विधेयकं समितीकडे गेली. विक्रेत्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं: माल कंपनीने सीलबंद दिलाय, तो बोगस निघाला तर दुकानदाराला तुरुंग का? पण त्या ओढाताणीत उगवण न झालेल्या सोयाबीनवाल्याच्या हातात काहीच पडलं नाही.

बाजार समितीत उलट उदाहरण आहे. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, व्यापाऱ्यांनी संप केला, तरी निर्णय टिकला. सांगलीची हळद आणि बेदाणा या निर्णयात नव्हता.

११. अमेरिकेत सगळं उघड असतं म्हणतात. तिथं बरं चाललंय का?

उघड असतं हे बऱ्यापैकी खरं. तिथं कंपनी थेट उमेदवाराला पैसे देऊ शकत नाही. कर्मचारी किंवा सभासदांकडून जमवलेला निधी राजकीय समितीमार्फत जातो, एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलरपर्यंत. २०० डॉलरच्या वरच्या देणगीदाराचं नाव केंद्रीय निवडणूक आयोगाकडे नोंदलं जातं. आपल्याकडच्या २०,००० रुपयांशी तुलना करून बघा.

आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे अमेरिकन क्रिस्टल शुगर. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटातल्या बीट शेतकऱ्यांच्या मालकीची ही सहकारी संस्था शेती क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या राजकीय देणगीदारांपैकी एक आहे. दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना ती पैसे देते. आयात साखरेवर कोटा आणि साखर तारण ठेवून कर्ज हे तिथल्या साखर धोरणाचे दोन खांब, आणि फार्म बिल (तिथला दर काही वर्षांनी नव्याने येणारा शेतीचा कायदा) आलं-गेलं तरी ते हललेले नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर कितीही खर्च करायची वाट कंपन्यांना मिळाली.

म्हणजे नावं उघड झाल्याने प्रभाव संपत नाही. पण तिथला शेतकरी कुणी किती दिले हे घरबसल्या बघू शकतो. आपल्याकडे प्रश्न ३ मधल्या जीपगाडीची नोंदच होत नाही.

१२. चेअरमन साहेबच आमदार आहेत. उसाच्या विषयावर त्यांना मत देता येतं का? आणि "ऊस तोडणार नाही" अशी धमकी आली तर?

पहिल्याचं उत्तर: येतं. लोकसभेच्या नियमांत वैयक्तिक, थेट आर्थिक हितसंबंध असलेल्या सदस्याच्या मतावर हरकत घेता येते, पण धोरणाच्या सर्वसाधारण विषयाला ते लागू होत नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे, लोकसभेत तशी नाही. सामान्य माणसाच्या हातात राहतं ते उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र. मालमत्ता, कर्ज, शेअर्स त्यात असतात.

दुसऱ्याचं: हा गुन्हा आहे. मतासाठी नुकसानीची भीती घालणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचार आहे, अनुचित प्रभाव म्हणतात त्याला. भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा आहे. आचारसंहितेच्या काळात सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकता येतो, १०० मिनिटांत कारवाईची यंत्रणा आहे. धमकी तोंडी असते हे मला माहीत आहे. म्हणून लागणीच्या नोंदीची पावती जपा आणि तुमच्या नंतरच्या तारखेच्या कुणाकुणाला आधी तोड आली ते तारखेसह लिहून ठेवा. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेने असतो. तो मोडलेला कागदावर दाखवता आला, तर तुमच्या तक्रारीला वजन येतं.

१३. सभासद म्हणून मी नेमकं काय तपासू?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी आणि अहवाल त्याआधी मिळायला हवा. आमच्याकडे बऱ्याच घरांत तो अहवाल बाजरीच्या डब्याखाली अंथरला जातो. तसं करू नका. जाहिरात, सत्कार-समारंभ, वाहनांचं इंधन आणि दुरुस्ती, किरकोळ खर्च, येणे असलेले अग्रिम ही पाच खाती बघा. निवडणुकीच्या वर्षाचे आकडे आधीच्या वर्षाशेजारी लिहा. गळीत तेवढंच आणि डिझेल दीडपट, तर सभेत लेखी प्रश्न द्या आणि पोच घ्या. उत्तर मिळालं नाही तर कलम ८३ खाली चौकशी मागता येते. त्यातून नुकसान सिद्ध झालं तर कलम ८८ खाली संचालकांवर वैयक्तिक जबाबदारी येते.

माहिती अधिकार सहकारी संस्थेला आपोआप लागू नाही, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं. पण निबंधकाकडे असलेली माहिती मागता येते. अर्ज प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे करा: सांगलीवाल्यांनी कोल्हापूरला, सातारावाल्यांनी पुण्याला.

खासगी कारखान्याचे तुम्ही सभासद नसता. तिथं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून ताळेबंद मिळतो, आणि पक्षाला देणगी दिली असेल तर ती त्यात यायला हवी.

१४. बिलातून होणाऱ्या कपाती पक्षनिधीसाठी असतात का?

सरकारी आदेशाच्या कपाती तशा नसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्री समितीने टनाला १५ रुपयांचा निर्णय घेतला, १० मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ पूरग्रस्तांसाठी, तेव्हा मोठा गोंधळ झाला. हे पैसे कारखान्याच्या नफ्यातून घ्यायचे, असा खुलासा सरकारने केला. तुमच्या बिलात नाव नसलेली किंवा "इतर" लिहिलेली कपात दिसली तर तिचा आदेश लेखी मागा.

१५. बिल १४ दिवसांत आलं नाही तर व्याज खरंच मिळतं का?

कायद्याने मिळतं. मागणारे फार थोडे. थकबाकी असेल तर साखर आयुक्त वसुलीचा दाखला काढतात आणि जिल्हाधिकारी ती रक्कम महसुली थकबाकीसारखी वसूल करतात. व्याजाचा अर्ज वेगळा करा, थकबाकीच्या तक्रारीत ते गृहीत धरलं जाईल असं समजू नका. काट्याच्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडा आणि प्रत्येक खेपेची तारीख लिहा, कारण १४ दिवस ऊस घातल्या तारखेपासून मोजायचे, बिल निघाल्यापासून नव्हे.